एकही तक्रार नाही

पनवेलच्या उरण नाक्याजवळ, एका औषधाच्या दुकानाच्या डोक्यावर, चंद्रावतीचा क्लास आहे. पाटीवर ‘चंद्रा स्किन थेरपी ट्रेनिंग सेंटर’ असं लांबलचक लिहिलेलं आहे, पण खाली उभ्या रिक्षावाल्याला विचारलंत तर तो ‘कोळणीचं पार्लर ना? वर जा,’ असं म्हणून मोकळा होतो. कोळीण म्हटल्याचा चंद्रावतीला राग नाही. ती कोळीणच आहे आणि तसं ठसक्यात सांगते. राग येतो तो पार्लर म्हटल्याचा. पार्लर वेगळं आणि थेरपी वेगळी, असं ती नव्या मुलींना पहिल्याच दिवशी बजावते. वेगळं म्हणजे काय, असं एखादीनं विचारलंच तर मात्र तिला एकदम गॅसवर चहा ठेवल्याचं आठवतं.

तिचं माहेर उरणकडचं, खाडीकाठचं. लग्न होऊन पनवेलला आली ती अंगावरची हळद उतरायच्या आत मासळी बाजारात सासूच्या शेजारी जाऊन बसली. बर्फानं आणि मिठाच्या पाण्यानं बोटांना भेगा पडायच्या, रात्री चादर त्यात अडकायची. सासू म्हणायची, कोळणीचे हात असेच असतात. चंद्रावतीला ते पटलं नाही. भेगांवर मलम शोधत ती लाईन आळीतल्या एका पार्लरात गेली आणि तिथंच चिकटली. आधी केर काढला, मग टॉवेल धुतले, मग भुवया कोरल्या, आणि एक दिवस मालकीण आजारी असताना एका नवरीचं फेशियल करून बसली. नवरी खूश झाली, मालकीण नाराज झाली. त्या नाराजीतूनच पुढं तिचं स्वतःचं पार्लर निघालं, आणि आसपासच्या मुली ‘ताई, आम्हाला पण शिकवा’ म्हणत येऊ लागल्या तेव्हा क्लासही निघाला. ठरवून असं तिनं आयुष्यात काहीच केलेलं नाही.

बाजार सुटला, पण बाजाराची वळणं सुटली नाहीत. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक ही बोहनी. बोहनीचं गिऱ्हाईक परत जाता कामा नये. ते गेलं की दिवस गेला. सासू तोट्यात मासळी देई, पण बोहनी परत पाठवत नसे. चंद्रावतीनं तेच पार्लरात आणलं. सकाळी दारात जी येईल तिचं काम करायचं. चेहरा सुजलेला असो, पुटकुळ्या आलेल्या असोत, जरा सांभाळून हात फिरवायचा, पण नाही म्हणायचं नाही. मुलींनाही तिनं हेच शिकवलं. आणि हाताला खरोखरच गुण होता बरं का. मासळी बाजारातल्या कोळणी घरात लग्न निघालं की रांग लावून तिच्याकडं यायच्या, आणि आपल्या चंद्राच्या हाताखालून उठलो म्हणून गावभर सांगायच्या.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मान्यतेचं खूळ आलं. ते आणलं मुबीनानं.

मुबीना तिची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. नवरा, माज त्याचं नाव, मस्कतला नोकरीला. लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, पण संसार सगळा फोनवरच. आता मस्कतच्या एका सलूननं मुबीनाला बोलावलं होतं. नोकरी मिळाली की दोघं एका घरात राहणार. अट एकच होती, सर्टिफिकेट मान्यताप्राप्त केंद्राचं हवं. मुबीनानं भीत भीत विचारलं, “मॅडम, आपल्या सर्टिफिकेटवर कुणाचा शिक्का असतो?”

“माझा,” चंद्रावती म्हणाली.

“तो चालत नाही म्हणतात.”

चंद्रावतीला हे काही झेपेना. तिनं घरी नवऱ्याला विचारलं. काळूराम न्हावा शेवा बंदरावर ट्रेलर चालवतो, अर्धं आयुष्य त्याचं वाटेवरच्या जासईच्या ट्रॅफिकमध्ये गेलंय, त्यामुळे विचार करायला त्याला भरपूर वेळ मिळतो. तो म्हणाला, “कंटेनरला सील असतं ना, तसं असंल ते. सील नसलं तर आत सोनं असू दे, गेटवर आडवतात.” एवढं मात्र तिला समजलं. सील पाहिजे तर सील आणू.

सील देणारी एक परिषद होती. तिथं अर्ज केल्यावर त्यांचं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं की आपल्या केंद्रातील प्रशिक्षणाच्या गुणवत्तेचा पुरावा सादर करावा. चंद्रावतीनं आपण सजवलेल्या नवरीमुलींचे फोटो पाठवले, एकीहून एक देखण्या. उत्तर आलं की हा परिणामाचा पुरावा झाला, आम्हाला प्रक्रियेचा पुरावा हवा. तिनं वाफेच्या मशीनचा फोटो पाठवला. उत्तर आलं की हा साधनांचा पुरावा झाला. मग तिनं फोटो पाठवणंच बंद केलं. गुणवत्ता म्हणजे चेहरा उजळला की नाही, एवढंच तिला माहीत होतं. चेहरा सोडून ही माणसं नेमकं काय बघतात, हे तिला कुणी सांगेना. शेवटी परिषद म्हणाली, आमचीच व्यक्ती येऊन बघेल. त्या दिवशी मुबीनाची प्रात्यक्षिक परीक्षा पण होईल आणि केंद्राचा निर्णय पण.

आलेली बाई मनस्वी नावाची, ठाण्याची, मुलीच्या वयाची म्हणावी इतकी लहान. साधा कुडता, पाठीवर सॅक. चंद्रावतीनं मोठ्या कोणा मॅडमसाठी शहाळं आणून ठेवलं होतं, ते हिला द्यावं की नाही इथपासून घोळ सुरू झाला. मनस्वी शहाळं आनंदानं प्यायली आणि मग कामाला लागली. पण ते काम म्हणजे काय, हे चंद्रावतीला बघता बघता कळेनासं झालं. भिंतीवर लावलेल्या नवरीमुलींच्या फोटोंकडं तिनं ढुंकून पाहिलं नाही. कचऱ्याच्या डब्याचं झाकण मात्र तीनतीनदा उघडून पाहिलं. टॉवेल कुठं धुता, किती गरम पाण्यात, एका बाईचा स्पंज दुसरीला वापरता का, तो टाकून देता की धुऊन ठेवता.

“धुते की,” चंद्रावती म्हणाली. “चांगला कोमट पाण्यात. फेकायचा कशाला? चांगला असतो.”

मनस्वी ‘हं’ म्हणाली. चंद्रावती त्या ‘हं’चा अर्थ लावत राहिली. पापलेट घेणारं गिऱ्हाईक ‘हं’ म्हणालं तर ते घेणार आहे की पुढच्या पाटीकडं सरकणार आहे हे तिला अचूक कळायचं. हे ‘हं’ तिच्या ओळखीचं नव्हतं.

“बरं, तक्रारी?” मनस्वीनं विचारलं. “कुणाला पुरळ आलं, भाजलं, खाज सुटली, असं काही?”

इथं चंद्रावतीला हायसं वाटलं. हा प्रश्न तिला येत होता. ती ताठ बसली. “एकही तक्रार नाही, मॅडम. इतक्या वर्षांत एकही नाही. देवाशपथ. बाजारात जाऊन विचारा, कोणीपण सांगेल.”

हे ऐकून मनस्वीचा चेहरा उजळायला हवा होता. तो उलट जरा उतरला. “एकही नाही?” तिनं पुन्हा विचारलं, आणि काहीतरी लिहून घेतलं. चंद्रावतीला वाटलं, आपण मराठीतच बोललो ना? ज्या गोष्टीचा लोक सत्कार करतात तिच्यावर ही पोरगी भुवई उंचावते. उलट सांगितलं असतं की दोनचार तक्रारी आहेत, तर काय पेढे वाटले असते का हिनं?

मग परीक्षेची वेळ झाली. मनस्वीनं नियम सांगितला. परीक्षा चालू असताना शिकवणाऱ्या मॅडमनी एक शब्दही बोलायचा नाही. विद्यार्थिनीनं समोरच्या बाईची विचारपूस करायची, त्वचा नीट पाहायची, काय करायचं ते ठरवायचं आणि करायचं. मुबीनासाठी तिच्या नात्यातली हाजरा येणार होती. ती अजून आली नव्हती. तेवढ्यात जिन्यावर बांगड्यांचा आवाज झाला आणि शांतीमामी वर आली.

शांतीमामी म्हणजे चंद्रावतीच्या सासूची बाजारातली जोडीदारीण. सासू गेल्यावर तिनंच चंद्रावतीची पाठराखण केली होती. आज क्लासची परीक्षा आहे असं काळूरामकडून तिच्या कानावर गेलं होतं. मासळीची पाटी सुनेवर टाकून, नवं लुगडं नेसून, अंबाड्यावर वेणी माळून ती आली होती.

“चंद्रे, आज तुजी परीक्षा हाय ना? म्हटलं बोहनी आपनच करावी. माजा पाय चांगला हाय,” ती म्हणाली आणि कुणी काही म्हणायच्या आत खुर्चीत रेलून बसलीसुद्धा.

मनस्वीनं मान डोलावली. कोणी का असेना, चालेल. चंद्रावतीला भरून आलं. सासू असती तर तीच आली असती, तिच्या जागी ही आली. एवढा चांगला शकुन असताना आता काही बिघडत नाही, असं तिला मनापासून वाटलं.

मुबीनानं हात धुतले, हातमोजे घातले आणि विचारपूस सुरू केली.

“मावशी, तुम्हाला साखरेचा त्रास आहे?”

“नाय.”

“बी.पी.? कसल्या गोळ्या चालू आहेत?”

“नाय गो. मना काय धाड भरलीय?”

“अंगाला खाज, पुरळ, काही?”

“काय नाय. सगला चांगला हाय.” शांतीमामीनं उत्तरं अशी धडाधड दिली की जणू परीक्षा तिचीच होती आणि तिला शंभरपैकी शंभर पाहिजे होते. परक्या बाईसमोर आपली दुखणी उघडी करून पोरीच्या क्लासची लाज घालवणाऱ्यांपैकी ती नव्हती.

मुबीनानं तिच्या मानेवरचा पदर अलगद बाजूला केला आणि ती थांबली. जबड्याखाली डाव्या बाजूला लालसर गोल चट्टा होता, कडेनं उठलेला, मधे फिका. त्याच्या शेजारी दुसरा, लहान. मलम चोपडून चोपडून कातडी चकचकीत झाली होती. मुबीनानं दिवा जवळ ओढला, वाकून पाहिलं आणि दिवा परत मागं सारला.

“मावशी, माफ करा,” ती हळू आवाजात म्हणाली. “आज फेशियल नाही करता येणार. हे गजकर्ण आहे. वाफेनं, मसाजनं पसरेल. दुसऱ्यांनाही लागेल. आधी डॉक्टरांकडं जायला पाहिजे.”

चंद्रावतीच्या डोक्यात नियम होता, मनस्वी होती, मस्कत होतं, सगळं होतं. पण तिच्या तोंडाला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. शांतीमामी, सासूच्या जागची बाई, शकुनाला आलेली, आणि तिला आपल्या दारातून परत?

“मुबीना! अगं बोहनी आहे!” ती ओरडलीच. “एवढंसं तर आहे. बाजूबाजूनं कर की!”

मुबीनानं वळून पाहिलं. तिचे डोळे पाण्यानं भरले होते, पण हातमोजे तिनं काढून डब्यात टाकले. “नाही मॅडम,” ती म्हणाली. मनस्वीनं काही लिहिलं नाही, नुसतं पेन खाली ठेवलं. ते लिहिण्यापेक्षा वाईट दिसलं.

शांतीमामी बिचारी गोंधळून एकीकडून दुसरीकडं बघत राहिली. मुबीनानं तिचा हात धरला आणि विचारपूस जिथं सोडली होती तिथून पुढं नेली. “हे कधीपासून आहे, मावशी?”

“ह्यो नायटा? पुतन्याचे लग्नाला हिच्याकडं फेशल केला ना, तवापासून,” शांतीमामी सहज म्हणाली. “मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली. लावली का जातं, सोडली का येतं. म्हटलं परत एकदा चंद्राचा हात फिरला का बसंल.” मग बोलता बोलता तिलाच काहीतरी उमगलं, आणि ती घाईघाईनं चंद्रावतीकडं वळली. “तक्रार नाय गो बाय! आपल्या मानसाची कोन तक्रार करतं? तू गोरी केलीस मना, सगल्या लग्नात ईचारत होते.”

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. शांतीमामी झाकायला जे जे बोलली त्यातून सगळं जास्तच उघडं पडलं. मग तिला उठवून, खालच्या दुकानात चांगल्या डॉक्टरचा पत्ता विचारा म्हणून सांगून, मुबीनानं तिला जिन्यापर्यंत पोचवलं.

चंद्रावती आठवायला लागली. त्या लग्नाच्या दिवसांत सकाळी पहिलं कोण आलं होतं? रोडपालीहून एक बाई आली होती, तिच्या मानेवर असंच काहीतरी लाल होतं, आणि आपण बाजूबाजूनं हात फिरवला होता. आणि मग तोच स्पंज कोमट पाण्यात पिळून... की ती बाई दुसऱ्याच वेळची? एकदा वाटे की लख्ख आठवतंय. लगेच वाटे की हे आत्ता आपल्या भीतीनं रचलं. जितकं आठवावं तितकं गढूळ होत गेलं.

मनस्वी तिच्याशेजारी येऊन बसली. “चंद्रावतीताई, मुबीना पास आहे. इतकी नीट परीक्षा मी फार कमी वेळा बघितली आहे. प्रश्न केंद्राचा आहे. तुम्ही मधे बोललात, ते मी एकवेळ समजू शकते. स्पंज, टॉवेल, हे सुधारता येईल, तशी अट घालून मान्यता देता येते. गजकर्ण कुठूनही येतं. ओल्या कपड्यांनी येतं, घरातून येतं. हे इथूनच आलं असं मी लिहू शकत नाही. इथून आलं नाही असंही लिहू शकत नाही.”

“मग?”

“मग तुमचा शब्द. सकाळी तुम्ही म्हणालात एकही तक्रार नाही. आत्ता विचार करून परत सांगा. असं आणखी कुणाला झालं नसेल तर तसं सांगा, मी तुमचा शब्द धरेन आणि आजच मान्यतेची शिफारस पाठवीन. झालं असेल तर मात्र आज होणार नाही. पुढची फेरी पुढच्या वर्षी.”

मुबीना बेसिनपाशी उभी होती. मघाशीच धुतलेले हात ती पुन्हा धूत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही, पण नळ बंद केला, ऐकू यावं म्हणून.

चंद्रावतीला नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं. तो खोटेपणाही झाला नसता, कारण तक्रार खरंच एकही नव्हती. पण ‘तक्रार नाही’ आणि ‘झालं नाही’ ह्या दोन गोष्टी सकाळपर्यंत तिच्या मनात एकच होत्या, आता त्या सुट्या झाल्या होत्या आणि पुन्हा जुळत नव्हत्या. “मला जरा विचारून येऊ द्या,” ती म्हणाली. “इथंच, बाजारात. तुम्ही जेवून घ्या तोवर.”

जाताना तिच्या मनात एकच होतं. बायका नाही म्हणतील. म्हणू देत. म्हणजे आपण परत जाऊ, मनस्वीला सांगू, आणि मुबीना विमानात बसेल.

बाजारात दुपारची विक्री ओसरत आली होती. तिला बघून सगळ्यांनी हाका घातल्या. ती कोलंबीवालीपुढं उकिडवी बसली आणि क्लासमधल्या मराठीत म्हणाली, “मला एक सांगा. माझ्याकडून फेशियल केल्यावर तुम्हाला कधी काही त्रास झाला?”

“काय त्रास होनार?” कोलंबीवाली म्हणाली. “झकास झायला होता.” बोंबीलवालीनं मान हलवली. तिसरी म्हणाली की तिच्या सुनेचं फेशियल अजून लोक विसरले नाहीत. म्हणजे झालं. हवं होतं ते उत्तर मिळालं. चंद्रावतीनं उठायला हात टेकले, आणि उठवेना. तिच्या लक्षात आलं की आत्ता शांतीमामीनं मुबीनाला दिली तशीच ही उत्तरं आहेत, तितकीच धडाधड, तितकीच प्रेमाची.

ती परत बसली. “ये,” ती म्हणाली, आणि आता तिची भाषा बाजाराची झाली, “मी मॅडम म्हनून नाय ईचारत. सासूच्या पाटीवर बसलेली चंद्रा ईचारते. तुमाला माजी आन हाय. खरा सांगा.”

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. मग बोंबीलवालीनं कानामागचे केस वर धरले. तिथं भाजल्याचा जुना काळा डाग होता. “वाफेनं झायलं. गेला आता. नुसता डाग हाय.” कोलंबीवाली म्हणाली, “माज्या पोरीचे गालावर उठला होता साखरपुड्याचे आधी. आमी म्हटला कोलंबीनं उठला असंल. तिला बरेच दिवस कोलंबी दिली नाय.” तिसरीनं, जिच्या सुनेचं फेशियल लोक अजून विसरले नव्हते, तिनं पदर खांद्यावरून सारला. मानेवर गोल चट्टा होता, कडेनं उठलेला, मधे फिका.

“आनि कुनी बोलली नाय मना?” चंद्रावतीनं विचारलं.

“कशाला बोलाचा? तुजा धंदा हाय. आपलेच दात, आपलेच ओठ.”

चंद्रावतीनं तिथंच बसून मनस्वीला फोन लावला. “मॅडम, सकाळी मी खोटं नव्हते बोलले. पण ते खरंही नव्हतं. तक्रारी आहेत, असं लिहा. किती आहेत ते मला अजून माहीत नाही.”

“मग यावेळी मान्यता देता येणार नाही. कळतंय ना तुम्हाला?”

“नाही कळत,” चंद्रावती म्हणाली. “मला सकाळपासून काहीच कळत नाही. पण तुम्ही लिहा.”

फोन ठेवल्यावर तिला रडू फुटलं. बायका पाट्या सोडून भोवती गोळा झाल्या. कुणी पाठीवर हात फिरवला, कुणी थंड पाण्याची बाटली पुढं केली. “जाव दे गो,” त्या म्हणत होत्या. “एवढा काय? तू आमची हायस.” ह्याच बायका एखाद्या गिऱ्हाईकानं माशाचे कल्ले उचलून नाक मुरडलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. पापलेट शिळं म्हणणारा माणूस इथून कधी धडपणे गेलेला नाही. आणि चंद्रावतीनं त्यांच्या माना, गाल, कानामागची कातडी बिघडवली, तर त्या तिलाच पाणी पाजत होत्या. तिला वाटलं, एकीनं तरी आज मला शिवी द्यावी. एकीनं तरी म्हणावं की चंद्रे, तू काय केलंस हे.

फोन वाजला. मुबीनाचा होता.

“मॅडम,” मुबीना म्हणाली. ती रडत नव्हती. “मनस्वी मॅडमनी सांगितलं. मला एक विचारायचंय. त्या मावशींना मी नाही म्हटलं, ते बरोबर केलं ना?”

“बरोबर केलंस.”

“तुम्ही ओरडलात, तरी मी नाही म्हटलं.”

“हो.”

“मग माझी चूक काय? माजनं तिकडं खोली बघून ठेवलीय. पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे विचारत होता परवा. तुम्ही खरं बोललात, अच्छी बात है, मी नाही म्हणत नाही. पण चूक तुमची आणि सजा मला? का म्हणून? तुम्ही बाजारात जाऊन त्या सगळ्यांना विचारून आलात. मी तिथंच उभी होते, मॅडम, बेसिनजवळ. मला विचारलंत?”

‘जाऊ दे गं, पुढच्या वर्षी होईल,’ एवढं चंद्रावतीच्या जिभेवर आलं होतं, ते तिनं गिळलं. बायका अजून तिची पाठ थोपटत होत्या. तिनं त्यांचे हात बाजूला केले, फोन कानाला घट्ट धरला, आणि मुबीना बोलत होती ते सगळं ऐकून घेत राहिली.